उधारीच्या वहीत सापडलेली डोकेदुखी

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात त्या दिवसांत दुपारी एक ते चार दवाखान्यात माशीसुद्धा फिरकत नाही. अशा वेळी एक बाई पदराने घाम पुसत आत आल्या, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, बोटं गार पडल्यात. सुईत दोरा ओवता येईना."

मी हात हातात घेतला. बाहेर पारा बेचाळीसला टेकलेला आणि ते हात माठात बुडवून काढल्यासारखे गार.

बाई ४१ वर्षांच्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, जूनच्या आधी शाळेचे गणवेश. नवऱ्याची कोरडवाहू शेती, एक मुलगी बारावीला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे. "लिहा की, दुकानाचं नाव तेवढं टाकू नका," म्हणाल्या.)

दिवसाचे दहा तास मशीनवर वाकणाऱ्या माणसाची बोटं बधिर झाली, तर आमच्यासारख्या साध्या डॉक्टरच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. एक, मनगटात शीर दाबली गेली असेल. दुसरी, मानेचे मणके. दोन्हींत मुंग्या येतात, रात्री हात झटकावे लागतात, पकड कमी होते. पण बोटं पांढरीफटक आणि गार पडत नाहीत. मी त्यांच्या मधल्या बोटाचं नख दाबून सोडलं आणि मनात आकडे मोजले. निरोगी माणसाचं नख दोनच्या आत पुन्हा गुलाबी होतं. इथे मी सहापर्यंत पोचलो. मग मनगटावर नाडी चाचपली. उजवीकडे अगदी बारीक लागली, डावीकडे लागेचना. कोपराच्या खोबणीत मात्र दोन्हीकडे ठोके होते.

आता मला घाम फुटला. नाडी न लागणाऱ्या बायकांचा एक आजार आम्हाला शिकवलेला असतो. १९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने त्याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्याला ताकायासूचा आजार म्हणतात. मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येते, त्या आतून अरुंद होत जातात. आशियातल्या तरुण बायकांत तो जास्त दिसतो, आणि डोकेदुखी हे त्याचं एक लक्षण आहे. तेव्हा मी विचारलं, "अजून काय त्रास होतो?"

"बाकी काही नाही. डोकं तेवढं दुखतं. पण ते नेहमीचंच."

हा 'नेहमीचंच' शब्द मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे आणि बहुतेक वेळा तो ऐकून पुढे गेलो आहे. त्या दिवशी दवाखाना रिकामा होता, म्हणून थांबलो. संध्याकाळची गर्दी असती तर मानेचा एक्स-रे लिहून मोकळा झालो असतो, हे कबूल करतो.

"गोळी घेता का काही?"

त्यांनी पिशवीतून पत्र्याची छोटी गोल डबी काढली. बॉबिन ठेवायची. आत लाल दोऱ्याचं एक बॉबिन, दोन काजाच्या सुया आणि कात्रीने एकेक कापून ठेवलेल्या गोळ्या. काही नेहमीच्या दुखण्यावरच्या, टीव्हीवर जाहिरात येते त्या जातीच्या. बाकीच्या दुसऱ्या. त्या दुसऱ्या गोळीच्या मागचं बारीक छापील नाव वाचायला मला चष्मा काढून डोळ्यांशी न्यावी लागली: अर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि ओकारी थांबवणारं एक औषध.

बोटं का गार पडली, ते तिथेच अर्धं उलगडलं.

अर्गट

बाजरी पिकवणाऱ्याला अरगट माहीत असतो. कणसातून आधी मधासारखा चिकट स्राव गळतो, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. पेरणीआधी बियाणं मिठाच्या २० टक्के पाण्यात टाकून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाका, हे कृषी सहायक दरवर्षी सांगतो. त्याच कुळातली दुसरी बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. मध्ययुगात त्या धान्याची भाकरी खाऊन गावंच्या गावं आजारी पडत. हातापायांची आग व्हायची, मग बोटं काळी पडून झडायची. बुरशीतला अंश रक्तवाहिन्या आवळतो, त्याचा हा परिणाम. १९१८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात आर्थर स्टोल या रसायनशास्त्रज्ञाने याच बुरशीतून अर्गोटामिन वेगळं काढलं, आणि पुढे ते अर्धशिशीचं नामांकित औषध झालं. डोक्यातल्या फुगलेल्या, ठणकणाऱ्या वाहिन्या ते आवळतं. अडचण एवढीच की ते फक्त डोक्यातल्याच आवळत नाही.

आता बाईंच्या नवऱ्याच्या शेतातली बाजरी आणि बाईंच्या डबीतली गोळी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बाजरीवरच्या बुरशीतली द्रव्यं वेगळी, तिने मळमळ आणि गुंगी येते. पण पुढे त्यांना समजावताना हाच अरगट कामी आला. "म्हणजे मी बुरशी खात होते?" असं त्यांनी विचारलं, आणि त्याला मला सरळ 'नाही' म्हणता आलं नाही.

ही गोळी महिन्यातून चार-पाचदा घेणाऱ्याला सहसा काही होत नाही. मग यांनाच का झालं? "किती घेता?" या प्रश्नावर उत्तर आलं, "लागली तर घेते." रोज का? "रोज नाही हो." आठवड्यातून किती? "तसं काही मोजलं नाही."

आमच्या गल्लीतल्या मेडिकलवर बाईंचं खातं होतं. मी पोराला पाठवून दुकानदार काकांना वहीसकट बोलावलं. लाल पुठ्ठ्याची लांबट वही. त्यात बाईंच्या नावाचं पान, आणि काकांची स्वतःची लघुलिपी: 'डो.गो. २ पा.' म्हणजे डोक्याच्या गोळ्या दोन पाकिटं. एका पाकिटात दहा.

ऑगस्ट, १ पा. सप्टेंबर, १ पा. दिवाळीच्या तोंडावर ऑक्टोबरात एकदम ३. नोव्हेंबर २. डिसेंबरात लग्नसराई, ३. जानेवारी ३, फेब्रुवारी ४, मार्च ४. एप्रिलच्या बावीस तारखेपर्यंत ३. पाकिटं दोन्ही जातींची मिळून, पण अर्ध्याहून जास्त अर्गोटामिनची.

बाई त्या पानाकडे बघतच राहिल्या. "हे माझंच खातं आहे का?" मग काकांना म्हणाल्या, "तुम्ही ह्यांच्या कफ सिरपचं पण माझ्यात धरलंय काय?" काका म्हणाले, "नाही ताई, ते मालकांच्या नावावर वेगळं."

त्याच पानावर एप्रिलच्या चौदा तारखेला एक वेगळी नोंद होती. सायनससाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी लिहून दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन, सात दिवसांचं. हे अँटिबायोटिक यकृतातलं जे विकर (एन्झाइम) अडवतं, तेच विकर अर्गोटामिन मोडून शरीराबाहेर घालवायचं काम करतं. बांध अडवला की पाणी चढतं, तसं अर्गोटामिन रक्तात चढत गेलं. ही दोन औषधं एकत्र द्यायची नाहीत, हे पुस्तकात ठळक छापलेलं असतं. पण त्या डॉक्टरांना बाई अर्गोटामिन घेतात हे कळणार कुठून? त्यांनी विचारलं असेल, "काही औषधं चालू आहेत का?" आणि बाईंनी प्रामाणिकपणे 'नाही' सांगितलं असेल. डोक्याची गोळी हे औषध आपल्याकडे कोण धरतं?

अठरा तारखेपासून बोटं गार पडायला लागली होती. त्यात सकाळ-संध्याकाळ मिश्री. तंबाखूही वाहिन्या आवळते, म्हणजे तिचाही थोडा हातभार.

त्याच संध्याकाळी त्यांना सोलापूरला फिजिशियनकडे पाठवलं. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दोन्ही हातांच्या धमन्या आवळलेल्या दिसल्या, गुठळी नव्हती. रक्तातलं सूज दाखवणारं ईएसआर साधारण होतं, मोठ्या वाहिन्या ठीक होत्या. ताकायासू बाजूला पडला. गोळ्या आणि मिश्री बंद, वाहिन्या सैल करणारं औषध सुरू. तिसऱ्या दिवशी डावी नाडी लागली. बोटं वाचली.

दोन डोकेदुख्या

बोटांचं प्रकरण इथे संपलं. पण महिन्याला चाळीस गोळ्या घेण्याइतकं डोकं का दुखत होतं, हा मूळ प्रश्न तसाच होता. त्याचं उत्तर काढायला मला तीन बैठका लागल्या, आणि त्यातला बहुतेक वेळ ऐकण्यात गेला.

डोकं कसं दुखतं हे सांगायला मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे माझ्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात नव्हते. डोकं ठणकतं, ठसठसतं, भणभणतं, कलकलतं, जड होतं, धरतं, उठतं. पेशंट कोणता शब्द निवडतो याकडे कान द्यावा, निम्मं निदान तिथेच होतं. या बाई दोन शब्द वापरत होत्या आणि आपण दोन वापरतो आहोत हे त्यांच्या लक्षात नव्हतं. कधी म्हणायच्या "डोकं उठलं", कधी म्हणायच्या "डोकं जड". मी विचारलं, हे एकच का? त्या जरा थांबल्या. "नाही. उठतं ते वेगळं."

'उठतं' ते सतराव्या-अठराव्या वर्षापासूनचं. उजव्या बाजूला, भुवईपासून मागे, नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकणारं. आधी उजेड नकोसा होतो, फोडणीचा वास नकोसा होतो. जिना चढला तरी घण बसतात. चार-सहा तासांनी उलटी होते, झोप लागते, उठल्यावर डोकं हलकं. महिन्यातून एक-दोनदा, बऱ्याचदा पाळीच्या आधी दोन दिवस. त्यांच्या आईलाही होतं. ती रुमालाने डोकं करकचून बांधून, कपाळाला सुंठीचा लेप लावून माजघरात पडून राहायची. "आईचं अमावस्येला उठायचं," बाई म्हणाल्या.

ही अर्धशिशी. जवळपास पाठ्यपुस्तकातली. निकष असे आहेत: उपचार न केल्यास दुखणं ४ ते ७२ तास टिकणारं, एका बाजूला, ठणकणारं, मध्यम ते तीव्र आणि हालचालीने वाढणारं, यातल्या किमान दोन गोष्टी, शिवाय मळमळ-उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणं, आणि असे निदान पाच झटके येऊन गेलेले. सुश्रुताने ज्या ११ शिरोरोगांची यादी केली आहे त्यात 'अर्धावभेदक' आहेच. दुखणं इतकं जुनं आणि इतकं ओळखीचं, तरी या बाईंना सतराव्या वर्षापासून एकेचाळीसपर्यंत कुणी 'तुम्हाला अर्धशिशी आहे' असं सांगितलं नव्हतं. दुसरीच नावं मिळाली, आणि ती कशी कशी मिळाली ते बघण्यासारखं आहे.

पहिलं नाव पित्त. आपल्याकडे उलटी झाली की डोकं थांबतं, म्हणून डोकं पित्ताने दुखतं असा सरळ हिशोब आहे. लोक घशात बोटं घालून पित्त काढतात, आमसुलाचं सार पितात, सकाळी अनशापोटी पित्ताची गोळी घेतात. बाई सात वर्षं घेत होत्या. खरं म्हणजे मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग आहे. झटका चालू असताना जठर मंदावतं, म्हणून पिवळं, आंबट पाणी पडतं. उलटीनंतर झटका ओसरायला लागतो हेही खरं. पण पावसात छत्री उघडली म्हणून छत्रीने पाऊस आला असं नाही. बरं, पित्ताला दोष देण्यात एक तोटा असा, की उपाशीपोटी राहणं हे झटक्याचं खरं कारण असू शकतं, ते 'पित्त वाढलं' या शब्दाखाली झाकलं जातं. बाईंची संकष्टी होती. रात्री नऊ-साडेनऊला चंद्र उगवेपर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोकं उठलेलं. हे त्यांना माहीत होतं. "उपवासाचं पित्त," त्या म्हणाल्या.

दुसरं नाव चष्मा. शिलाईवाल्या बाईचं डोकं दुखतं म्हटल्यावर कुणीही डोळ्यांकडेच बोट दाखवणार. अडतिसाव्या वर्षी जवळचा नंबर निघाला, चष्मा लागला, सुईत दोरा ओवणं सोपं झालं. डोकं होतं तसंच राहिलं. डोळ्यांवर ताण आला की संध्याकाळी कपाळ ओढल्यासारखं होतं, हे मी मान्य करतो. पण पहाटे चारला उलटी करायला लावणारं दुखणं चष्म्याच्या नंबराने येत नाही.

तिसरं, सायनस. झटक्याच्या वेळी बाईंचं नाक चोंदायचं, डोळ्यातून पाणी यायचं, गालाचं हाड जड वाटायचं. यावर एक्स-रे, वाफारा आणि तीन वेळा अँटिबायोटिक झालं. त्यातलं तिसरं बोटांवर बेतलं. चेहऱ्याची संवेदना वाहणारी जी नस आहे, तिच्याच जाळ्यातून अर्धशिशीचं दुखणं जातं; त्यामुळे नाक-डोळे ओलावणं हे अर्धशिशीतही होतं. २००४ साली अमेरिकेत स्वतः 'सायनसची डोकेदुखी' म्हणणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या २,९९१ जणांना तपासलं, तेव्हा ८८ टक्के लोकांत अर्धशिशीच्याच जातीचं दुखणं निघालं. खऱ्या सायनसमध्ये ताप असतो, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव असतो, आणि तो महिन्यातून दोनदा येऊन दुसऱ्या दिवशी आपोआप जात नाही.

चौथं, बीपी. एकदा दुखत असताना मोजलं, १५०/९६ आलं, घरात घबराट. दुखण्याने बीपी चढतं. एवढ्याशा बीपीने सहसा डोकं दुखत नाही; १८०/१२०च्या पुढची गोष्ट वेगळी. दोन दिवसांनी बाईंचं १२६/८२ होतं. मधल्या काळात सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या होत्या, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं हा वादाचा मुद्दा राहिला.

पाचवं, मेंदूत गाठ. हे नाव कुणी उच्चारलं नाही, पण भावाच्या सांगण्यावरून सीटी स्कॅन झाला, म्हणजे ते सगळ्यांच्या मनात होतंच. रिपोर्ट नॉर्मल. बाईंना त्याचा आनंद कमी आणि अपमान जास्त वाटला. "सगळं नॉर्मल आहे तर दुखतं कशाला? म्हणजे मी नाटक करते का?" नॉर्मल रिपोर्टचा हा घाव आम्ही डॉक्टर कधी मोजत नाही. अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

आता दुसरं डोकं, 'जड' असणारं. हे दीड-दोन वर्षांचं. बाजू वगैरे काही नाही, सगळं डोकं घमेलं ठेवल्यासारखं. ओकारी नाही. सकाळी डोळे उघडले की हजर. चहा आणि गोळी घेतली की तासाभरात कमी, चार-पाचला पुन्हा. महिन्यातले वीसेक दिवस.

सकाळी उठताना असणारं, दिवसेंदिवस वाढणारं डोकं म्हटलं की आमचे कान टवकारतात, कारण मेंदूतला दाब वाढल्यावरही असंच होतं. म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्यामागची नस बघून घेतली. तिला सूज नव्हती. खोकताना किंवा वाकताना दुखणं वाढत नव्हतं, दिसायला अंधारी नव्हती, ताप नव्हता, वजन उतरलेलं नव्हतं, हातापायांत कमजोरी नव्हती. विजेसारखं एका क्षणात शिखर गाठणारं डोकं कधी दुखलं नव्हतं. तसं असतं तर मी बैठका घालत बसलो नसतो, थेट गाडी बोलावली असती. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, कानशिलं दुखरी करणारी डोकेदुखीही वेगळ्या रस्त्याने जाते, कारण तिथे उशीर झाला तर डोळे जाऊ शकतात. गर्भनिरोधक गोळ्याही विचारल्या, घेत नव्हत्या.

आणि गीझर विचारला. हे ऐकून बाईंना गंमत वाटली. पण मागे एका हिवाळ्यात मला एक कुटुंब भेटलं होतं, आई आणि दोन मुलं, तिघांचंही डोकं सकाळी आंघोळीनंतर दुखायचं. बंद न्हाणीघरात गॅस गीझर. बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड. गीझर बाहेर काढला आणि डोकी थांबली. तेव्हापासून घरातल्या दोघांचं डोकं एकाच वेळी दुखतं का, हे मी विचारतोच. बाईंकडे परसात तांब्याचा बंब होता.

मग उरली ती उधारीची वही. वेदनाशामकाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी हे निदान आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र नोंदलेलं आहे. मुळात डोकेदुखी असलेला माणूस, महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणारं, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ साधी वेदनाशामकं महिन्यातले १५ दिवस किंवा अर्गोटामिन, ट्रिप्टान (अर्धशिशीवरचीच दुसरी औषधं), मिश्र गोळ्या १० दिवस घेतलेल्या. इथे मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. रोज अर्धी घेणारा एका दिवसात चार घेणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. मेंदूतली वेदनेची यंत्रणा गोळीच्या सवयीची होते. रात्रभर गोळी पोटात नसते, म्हणून सकाळी डोकं मागणी करत उठतं. गोळीने ते थांबतं, त्यामुळे गोळी हेच औषध असल्याची खात्री पटत जाते. त्यात गोळीतलं कॅफिन आणि वरून पाच कप चहा. गंमत अशी की गुडघेदुखीसाठी रोज गोळ्या घेणाऱ्याला, मूळची डोकेदुखी नसेल तर, हा प्रकार सहसा होत नाही. अर्धशिशीवाल्यांना होतो.

बाईंनी दिवाळीत अजून एक पायरी चढली होती. सकाळी मशीनवर बसण्याआधी, दुखत नसताना, एक गोळी. "मधे उठलं तर बारा ब्लाऊज कोण शिवणार?"

बंद केल्यावर

बोटांमुळे अर्गोटामिन तर बंदच झालं होतं, दुसरी गोळीही थांबवली. काय होणार ते आधी सांगून ठेवलं: आधी वाढणार. औषध सोडल्यानंतरचा हा त्रास सहसा दोन ते दहा दिवस टिकतो. बाईंना चौथा ते सातवा दिवस वाईट गेला. सहाव्या दिवशी रात्री अकराला मुलीचा फोन आला, "आई भिंतीला डोकं टेकून बसलीय, एक गोळी देऊ का?" मी ओकारी थांबवायचं इंजेक्शन द्यायला गेलो. मोजून पाच दिवसांचं वेगळं वेदनाशामक, जठर सांभाळणाऱ्या गोळीसोबत, ठरलेल्या वेळीच दिलं. दुखो वा न दुखो, वेळ झाली की घ्यायची. ट्रिप्टान जातीची औषधंही वाहिन्या आवळतात, म्हणून त्यांच्या वाटेला गेलो नाही. अर्धशिशी रोखायला मी एरवी प्रोप्रॅनोलॉल लिहितो, पण नुकत्याच गार पडलेल्या बोटांना तेही नको होतं. रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी २५. पहिले दिवस तोंड कोरडं आणि सकाळी गुंगी. साडेदहाऐवजी आठला घ्यायला लागल्यावर निभावलं.

हिमोग्लोबिन ९.२ निघालं, लोह सुरू केलं. मशीनसमोरचं स्टूल चार बोटं उंच केलं, ते त्यांच्या मालकांनी स्वतः विटा लावून. संकष्टी सोडा असं मी म्हटलं नाही, सोडली नसतीच. दुपारी ताक, राजगिऱ्याचा लाडू आणि मूठभर शेंगदाणे खायचं ठरलं. शुक्रवारी डोक्यावरून न्हाल्यावर ओल्या केसांचा अंबाडा घालून कामाला बसायची सवय होती आणि त्यांच्या मते डोकं त्या दिवशी हमखास उठायचं. मला आधी ही समजूत वाटायची. मग मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांचा २००६ सालचा लेख वाचला, डोक्यावरून न्हाल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांवरचा. तेव्हापासून बायकांच्या या तक्रारीला हसत नाही. केस दुपारी धुऊन, वाळवून मगच कामाला बसा, एवढं सांगितलं.

आणि कालनिर्णय. भिंतीवरच्या त्या पानावर दुधाचे खाडे आणि ब्लाऊज देण्याच्या तारखा आधीपासून लिहिलेल्या होत्याच. त्यात भर घातली: डोकं जड असेल तर टिंब, उठलं तर फुली, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. जूनमध्ये एकवीस टिंबं आणि चार फुल्या. जुलैत टिंबं नऊ. सप्टेंबरात दोन टिंबं, तीन फुल्या, दोन गोल. ते पान त्या गुंडाळून घेऊन आल्या, दुधाच्या खाड्यांसकट.

त्या दिवशी त्यांच्या प्लॅस्टिकच्या फाइलमधून जुने कागदही निघाले. चष्म्याची चिठ्ठी, सायनसचा एक्स-रे, स्कॅनचा रिपोर्ट. सगळ्यांत खाली एक मळका, घडीवर फाटलेला कागद, चिकटपट्टी लावून जपलेला. काका इतकी वर्षं ज्या चिठ्ठीवर गोळ्या देत होते ती हीच. सहा वर्षांपूर्वीची तारीख. अर्गोटामिनवाल्या गोळीचं नाव, आणि पुढे लिहिलेलं: 'दुखेल तेव्हा १'. अक्षर माझं. किती दिवस, महिन्यातून जास्तीत जास्त किती, काही नाही. त्या दिवशी मी त्यांना नक्की किती मिनिटं दिली असतील याचा अंदाज मला आहे.

बाईंना मी ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या गोळीने लगेच थांबायचं हो," आणि कागद परत फाइलमध्ये ठेवायला लागल्या. मी मागून घेतला. आता चिठ्ठीवर मी कमाल दिवसांचा आकडा लिहितो आणि काकांनाही सांगून ठेवलं आहे की महिन्याला एकाहून जास्त 'पा.' कुणाच्या खात्यावर चढलं तर मला कळवा. काका कधी कळवतात, कधी विसरतात. धंदा आहे त्यांचा.

डिसेंबरात, लग्नाच्या दाट तिथीत, सकाळी सातला बाईंचा फोन आला. आवाज बारीक.

"उठलंय. उजवीकडेच. घेऊ का गोळी?"

"महिन्यातली कितवी?"

भिंतीवरचं पान चाळवल्याचा आवाज आला. "दुसरी."

"घ्या. आणि मशीन झाका आज."

"नवरीच्या मामीचे दोन राहिलेत."

"बोटं कशी आहेत?"

"ऊन आहेत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मामीचे ब्लाऊज त्यांनी दुपारून शिवलेच, असं नंतर मुलीकडून कळलं.